दुखणे बाईचे, सोय व्यवस्थेची

"पोटुशी बाईचे दुखायचेच." या एका वाक्याने आपल्या वस्त्यांतील हजारो बायांचे तोंड बंद केले आहे. सासू हे वाक्य म्हणते, नवरा म्हणतो, सरकारी दवाखान्यातली सिस्टर म्हणते आणि जिच्या घरी ती धुणी-भांडी करते ती मालकीणही म्हणते. एरवी या चौघांचे कशावर एकमत होत नाही. इथे मात्र होते, कारण बाईने गप्प राहणे या सगळ्यांच्याच सोयीचे असते.

आम्ही या वाक्याच्या विरोधात आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे. गर्भारपणातले ओटीपोटाचे आणि कंबरेचे दुखणे शरीरात सुरू होते हे खरे. पण ते किती वाढणार, त्यावर इलाज होणार की नाही आणि त्यापायी बाईचे जगणे किती मोडणार, हे तिची जात, तिचे काम आणि तिच्या घरातले पुरुष ठरवतात. म्हणून हा जितका दवाखान्याचा प्रश्न आहे तितकाच चळवळीचाही आहे.

आधी दुखणे समजून घेऊ

कंबरेखाली हाडांचे एक कडे असते. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन हाडे जुळतात तिथे एक सांधा असतो. मागे कंबरेच्या खळ्यांपाशी दोन सांधे असतात. गर्भारपणात हे सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात, म्हणजे बाळाला वाट मिळावी. पोटाचा भार पुढे येतो, चालण्याची ढब बदलते. काही स्त्रियांच्या या सांध्यांवर असमान ताण पडतो आणि मग जांघेत, खुब्यात, ढुंगणात, मांडीच्या आतल्या बाजूने कळा मारू लागतात. आपल्या बायका म्हणतात, चमक भरली, कंबर धरली. दर पाच गर्भवतींमागे साधारण एकीला हा त्रास होतो. म्हणजे हा कोणा नाजूक बाईचा नखरा नाही. हे एक ओळखता येणारे, नाव असलेले आणि उपचार असलेले दुखणे आहे.

एका पायावर भार आला की ही कळ येते. म्हणजे जिना चढताना, बसमध्ये पाय टाकताना, सलवार घालताना. उकिडवे बसून उठताना येते. रात्री कुशीवर वळताना येते. झोप तुटते, आणि सकाळी चारला पाण्याच्या नळावर उभे राहायचे असते. महिनोन्महिने असे चालले की बाई चिडचिडी होते, कोपऱ्यात रडते, बोलेनाशी होते. सततच्या वेदनेचा आणि नैराश्याचा संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे, पण घरात त्याला "हिचे डोहाळेच वेगळे" असे नाव पडते. मांड्या फाकवताना जीव जातो अशा काळातही नवऱ्याला नाही म्हणण्याची मुभा अनेकींना नसते. पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती हा बलात्कार मानायला आपला फौजदारी कायदा आजही तयार नाही. ही कळ अशा रीतीने हाडापाशी थांबत नाही. ती झोपेत, मनात आणि नात्यात शिरते.

या दुखण्याने पोटातल्या बाळाला अपाय होत नाही. खरी गोम इथेच आहे. बाळाला धोका नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही, असे सांगून बाईला घरी पाठवले जाते. बाई स्वतः कोणीतरी आहे, तिला चालता आले पाहिजे, झोप लागली पाहिजे, हा विचार त्या हिशेबात नसतोच. वंश चालवणारी कूस म्हणूनच स्त्रीला किंमत देणारी जी ब्राह्मणी पितृसत्ता आहे, तिचाच हा दवाखान्यातला अवतार आहे.

कोणाच्या कंबरेवर कोणाचा भार

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच वरखाली रचून वेगळी केली. आम्ही त्यापुढे एवढेच म्हणतो की ज्याने कामे वाटली त्याने वेदनाही वाटल्या.

अंगमेहनतीच्या कामाने हा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे आरोग्य यंत्रणा सांगतात. मग आपल्या समाजात अंगमेहनतीचे काम कोण करते ते पाहा. शहरात कंत्राटी सफाई कामगार म्हणून रस्ते झाडणाऱ्या बाया कोणत्या वस्तीतून येतात? तासन्‌तास वाकून झाडू मारायचा, ओल्या कचऱ्याची गाडी ढकलायची आणि आठव्या महिन्यातही हजेरी चुकवायची नाही, कारण चुकली तर मुकादम दुसरीला लावतो. घरकामाला जाणारी बाई दिवसाला चार-पाच घरची फरशी उकिडवे बसून पुसते. या दुखण्यासाठी याहून वाईट बैठक शोधून सापडणार नाही. त्यात कित्येक सोसायट्यांत घरकामगारांना रहिवाशांच्या लिफ्टमधून जाऊ देत नाहीत. लिफ्टचा विटाळ पाळणाऱ्यांनी त्याला 'सोसायटीचा नियम' असे नाव दिले आहे. सात महिन्यांची गर्भवती त्या नियमापायी जिने चढते तेव्हा तिच्या जांघेत येणारी प्रत्येक कळ ही जातीची कळ असते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ती सापडणार नाही, पण ती तिथेच असते.

ऊसतोडीकडे पाहा. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. त्यांत बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी, भटके-विमुक्त आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. अशा हिशेबात गर्भवती बाईने वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. सैल झालेल्या सांध्यांवर एवढे वजन, तेही तिरक्या फळीवर. रात्री कोपीत जमिनीवर झोपायचे आणि संडासला अंधारात लांब जायचे. डॉक्टर तिला सांगणार, "वजन उचलू नका." ही सूचना बरोबरच आहे. पण ती अमलात आणायचा अधिकार ना त्या बाईकडे आहे ना डॉक्टरकडे. तो मुकादमाच्या वहीत आहे.

आणि हे बाळंतपणानंतर संपत नाही. बहुतेकींचा त्रास प्रसूतीनंतर काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतो, पण काहींचा राहतो. जिला विश्रांती नाही, तपासणी नाही, तिचे ओटीपोट आणि कंबर वर्षानुवर्षे दुखत राहतात. कोणत्या कारणाने दुखते हे शोधायला वेळ नसतो. मग कोणीतरी खासगी डॉक्टर सांगतो, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." २०१९ साली सरकारनेच विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यातील प्रत्येकीचे कारण गर्भारपणातले दुखणे होते असा आमचा दावा नाही. आमचा दावा असा आहे की ज्या व्यवस्थेत बाईचे ओटीपोट का दुखते हे कोणी विचारत नाही, त्या व्यवस्थेत तिचे दुखणे हा कोणाचा तरी धंदा होतो.

'तुमच्या बाया चिवट असतात'

वस्तीत काम करताना हे वाक्य आम्ही शिकल्या-सवरलेल्या तोंडांतून ऐकले आहे. "कष्टकरी बायांना बाळंतपण सोपे जाते, त्यांना दुखत नाही." ऐकायला कौतुक वाटते, पण हे कौतुक नाही. ज्याच्या दुखण्याची दखल घ्यायची नाही त्याला आधी चिवट ठरवायचे, ही शोषणाची जुनी रीत आहे आणि ती फक्त भारतातली नाही. अमेरिकेत १८४० च्या दशकात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जननमार्गावर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांतल्या तिघींची नावे. पुढे त्या डॉक्टरला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ साली हटवावा लागला. पुतळा हटला, पण समज हटला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांना काळ्या माणसांच्या शरीराविषयीची किमान एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती, आणि ती कातडी जाड असल्यासारखी होती. तिथे वर्ण, इथे जात. तिथे जाड कातडी, इथे चिवट बाई.

खेदाची गोष्ट ही की हे वाक्य आपल्या घरांतही अभिमानाने बोलले जाते. "आम्ही तर खुरपताना बाळंत झालो, दुसऱ्या दिवशी कामाला." आपल्या आज्यांनी ते केले, कारण त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. त्यांच्या सोसण्याला आमचा जय भीम. पण त्यांनी सोसले ते सुनेनेही सोसावे म्हणून नव्हे. गुलामीत तग धरणे ही हिंमत असते. गुलामी संपल्यावरही तीच परीक्षा घेत राहणे ही हिंमत नव्हे.

आणखी एक युक्तिवाद नेहमी येतो. "काम केले की बाळंतपण सोपे होते, डॉक्टरसुद्धा व्यायाम करा म्हणतात." व्यायाम चांगला हे खरेच. पण व्यायाम म्हणजे दुखू लागले की थांबता येते अशी हालचाल. दुखले तरी थांबता येत नाही ती मजुरी. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याने एक दिवस मोळी उचलून पाहावी.

कागदावर काय आहे

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण ३३ होते, देशाचे ९७. हे यश आहे, त्यात आशा आणि अंगणवाडी सेविकांचे कष्ट आहेत, आणि त्यांतल्या कित्येक आपल्याच बहिणी आहेत. पण मेली नाही म्हणजे नीट जगली असे होत नाही. तपासणीला गेले की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी पाहतात, लोहाच्या गोळ्या देतात. चालता येते का, झोप लागते का, कोणते काम करता, असे सहसा कोणी विचारत नाही.

पैशाचे पाहू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ देण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, तेही हप्त्याने, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच पुन्हा लाभ. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तर ५,००० रुपये म्हणजे १७ दिवसांचीही मजुरी नाही. त्याच वेळी संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तिला ती मिळालीच पाहिजे, त्यात आमची तक्रार नाही. पण एकीला २६ आठवडे आणि दुसरीला १७ दिवससुद्धा नाहीत, हे अंतर कोणत्या समतेत बसते?

कायद्यात काही हत्यारे आहेत, ती आपल्याला माहीत हवीत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ४ नुसार प्रसूतीच्या आधीच्या ठरावीक आठवड्यांत स्त्रीने मागणी केली तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नसे. कलम १० नुसार गर्भारपणामुळे आलेल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत जादा भरपगारी रजा मिळू शकत असे. चालणे मुश्कील करणारे हे दुखणे डॉक्टरने लिहून दिले तर ते याच कलमाखाली मागता येत असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तत्त्वे आली आहेत. आणि दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे की रोजंदारीवर आहे म्हणून मातृत्व लाभ नाकारता येणार नाही. आपल्या किती कंत्राटी बहिणींना हे ठाऊक आहे? आणि घरकामगार, ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरच्या बाया तर या कायद्याच्या व्यवहारात येतच नाहीत. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, पण मालकाने भरपगारी प्रसूती रजा द्यावी असे बंधन त्यात नाही.

हा प्रश्न बाबासाहेबांचाच आहे

"आधी आरक्षण, अत्याचार, खासगीकरण यांवर बोला, हे बायकी विषय नंतर," असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांना आम्ही विचारतो, १९२८ साली मुंबई विधिमंडळात काय झाले होते? मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मालकाइतकाच, किंबहुना जास्त, सरकारने उचलावा. हे महाडच्या सत्याग्रहानंतरचे पुढचेच वर्ष. पाण्याचा लढा चालू असताना गर्भवतीच्या विश्रांतीचा प्रश्न त्यांना दुय्यम वाटला नाही. १९३८ साली त्यांनी तयार केलेले संततिनियमनाचे भाषण पी. जे. रोहम यांनी विधानसभेत वाचले. पुरुषांना प्रसूतीच्या कळा सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, अशा अर्थाचा युक्तिवाद त्यात होता. स्त्रीच्या शारीरिक वेदनेला सभागृहात राजकीय पुरावा म्हणून उभे करणारा नेता त्या काळात दुसरा कोण होता? १९४३ साली मजूरमंत्री म्हणून खाणीतल्या स्त्रियांच्या मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयकही त्यांनीच मांडले.

आपल्या आयाही मागे नव्हत्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. कामगार स्त्रियांच्या रजेचे आणि सवलतींचे ठराव तिथे झाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये हा वारसा नोंदलेला आहे. तो वाचला म्हणजे 'बायकी विषय' हा शब्द तोंडात येणार नाही.

आणि धम्म काय सांगतो? जगात दुःख आहे हे मान्य करणे आणि ते दूर करणे, हाच धम्माचा पाया बाबासाहेबांनी सांगितला. गेल्या जन्माच्या पापाने या जन्मी दुःख मिळते, हा सिद्धान्त त्यांनी धुडकावून लावला. मग "बाईचा जन्म आहे, भोगायचेच" हे बुद्धविहारात पंचशील म्हणणाऱ्या घरात कसे चालते? दुःख आहे हे नाकारणे, किंवा ते नशीब म्हणून सजवणे, दोन्ही धम्माच्या विरुद्ध आहे.

करायचे काय

आधी घरात. पाणी, लादी, जड बादल्या, गॅसची टाकी ही कामे गर्भवती असलेल्या घरात पुरुषांनी करायची. ही मदत नव्हे, वाटणी आहे. बाईने कपडे बसून घालावेत, कुशीवर वळताना गुडघे जुळवून वळावे, जिना एकेक पायरी चढावा, एका बाजूला वजन घेऊ नये, झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकता येतात, काहींना कंबरेच्या पट्ट्याचा आधार मिळतो. गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी. आणि रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही असेल तर ते हे दुखणे नव्हे. तिथे एक मिनिट न दवडता दवाखाना गाठायचा.

मग वस्तीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींच्या तपासणीचे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असते. त्या दिवशी महिला मंडळाच्या दोघींनी सोबत जावे आणि "दुखते, चालता येत नाही" हे कागदावर लिहून घ्यायला लावावे. लिहिले नाही तर ते झालेच नाही असे सरकार म्हणते. आपल्या समाजातली मुले-मुली आता फिजिओथेरपी शिकत आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात द्यावा. जयंतीच्या डीजेच्या खर्चातून एका वर्षाच्या अशा वर्गाचा खर्च सहज निघेल, आणि ती जयंती बाबासाहेबांना जास्त शोभेल.

आणि सरकारकडे. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत गर्भवतींसाठी फिजिओथेरपी. सफाईच्या प्रत्येक कंत्राटात हलक्या कामाची आणि भरपगारी रजेची अट, ती मोडणाऱ्या ठेकेदाराला काळ्या यादीत टाकणे. ऊसतोडीत गर्भवतीच्या खाड्याला दंड लावणे हा गुन्हा. लिफ्टबंदीवर कारवाई. आणि प्रत्येक गर्भवतीला, ती कितव्यांदा गर्भवती आहे हे न विचारता, किमान मजुरीच्या दराने मातृत्व लाभ.

यातली एकही मागणी दया म्हणून नाही. ज्या बाईच्या कंबरेवर हे शहर, हे कारखाने आणि ही घरे उभी आहेत, तिचे दुखणे मोजायला लावणे हे आपले काम आहे. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय लिहा, आणि बोलायची पहिली पाळी तिला द्या.

जय भीम!